कडक उन्हात आरव्ही घेऊन जायचंय, आधी काय काय तयारी करावी?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आमच्या ट्रेलरमधून (गाडीमागे ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) आठ दिवस जायचं ठरतंय, आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. आई ७३ वर्षांची आहे आणि खरं सांगायचं तर हा धागा तिच्यासाठीच काढतेय.

गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आमचा एसी एकदम बंद पडला. बाहेर ४१ अंश होते. कॅम्पग्राउंडवर जिथून वीज घेतो त्या खांबावरचा ब्रेकर पडला होता, उचलला की दहा मिनिटांनी परत पडायचा, तिसऱ्यांदा पडल्यावर आम्ही नाद सोडला. अर्ध्या तासात आत ३८ झाले आणि आईला गरगरायला लागलं. तिला गाडीत बसवलं, गाडीचा एसी लावला आणि ऊन उतरेपर्यंत मी नुसती रस्त्यावर गाडी फिरवत राहिले. परत आलो तर फ्रिजमध्ये १४ अंश, सगळं टाकून द्यावं लागलं. तो दिवस अजून डोळ्यासमोरून जात नाही. आई म्हणते मला काही होत नाही गं, चल जाऊ, पण मला तशी जोखीम परत घ्यायची नाहीये.

छतावर एकच एसी आहे १३,५०० बीटीयूचा (थंड करायच्या ताकदीचं माप), ३० अँपियरचं कनेक्शन, फ्रिज गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा, ट्रेलर ९ वर्षांचा. मी असं ऐकलंय की छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा दहा अंशच कमी करू शकतो, त्याच्यापुढे त्याचा इलाज नाही. मग ४२ असताना आत ३२ च मिळणार का? दुसरा एसी बसवणं हाच उपाय आहे का? कुणी अनुभवाने सांगाल का प्लीज, कुठून सुरुवात करू?

थंड_झुळूक

ताई, आई आता बऱ्या आहेत ना? आधी ते दहा अंशांचं बघू कारण हा गैरसमज खूप पसरलाय आणि त्यापायी लोक उगाच दुसरा एसी बसवतात.

ते दहा अंश (खरं तर ८ ते ११) बाहेरच्या हवेशी मोजायचे नसतात. एसी आतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत आत सोडतो. ओढलेली हवा आणि सोडलेली हवा यांच्यातला तो फरक आहे. आत ३० असेल तर झडपेतून साधारण २० ची हवा येईल, मग खोली २७ वर आली की १७ ची येईल, असं ते खाली खाली जातं. कुठे थांबतं? तर छतातून, काचांतून, फटींतून जेवढी उष्णता आत येते तेवढीच एसी बाहेर फेकतो तिथे. म्हणून उष्णता आत येणं कमी केलंत तर तोच एसी तुम्हाला ४२ मध्ये २६ सुद्धा देईल, आणि नाही केलंत तर नवा कोरा एसीही ३२ वर अडकेल.

तेव्हा पहिलं काम, एक साधा थर्मामीटर घ्या. एसी वीस मिनिटं चालू द्या, मग हवा ओढायच्या जाळीपाशी मोजा आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या झडपेपाशी मोजा. फरक ९-१० असेल तर एसीची तब्येत ठणठणीत आहे, दोष घराचा आहे. फरक ५-६ च असेल तर एसीकडे बघावं लागेल. दमट हवेत फरक थोडा कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, तेवढं धरून चाला.

फरक कमी आला तर क्रमाने सांगतो. आतला फिल्टर धुवा, हे सगळ्यांना माहीत असतं. छतावर चढून वरचं प्लास्टिकचं झाकण काढा (आधी वीज पूर्ण तोडून, नुसता थर्मोस्टॅट बंद करून नाही) आणि मागची कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी नळ्या-पात्यांची जाळी) बघा, नऊ वर्षांत तिच्यात पानं, किडे, धूळ यांचा नमदा झालेला असतो. हलक्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा मारला तर पत्र्याच्या पात्या मुडपतात. कपॅसिटर (मोटर सुरू करायला वीज साठवणारा छोटा डबा) फुगलेला दिसला तर बदलून घ्या, पण वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो, हात लावू नका, ते काम जाणकाराकडूनच करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं जे कुणी सांगत नाही. आतून छताचं कव्हर काढा आणि डोकं घालून बघा. ओढणारा कप्पा आणि थंड हवेचा कप्पा यांच्यामध्ये पडदी असते, ती कारखान्यातच घाईत लावलेली असते. तिला फट असेल तर थंड झालेली हवा खोलीत न येता तिथल्या तिथे परत ओढली जाते. मी उघडलेल्या कितीतरी ट्रेलरांत ही फट निघालीये, बोट जाईल एवढी. अॅल्युमिनियमची खरी फॉइल टेप आणा, कापडी नको ती उन्हाने सुटते, आणि प्रत्येक सांधा बंद करा. दोन तासांचं काम आहे आणि फरक लगेच कळतो.

मृगजळ

+१ फॉइल टेपला. आमच्याकडे पाचचा फरक होता तो टेपनंतर नऊवर गेला, बाकी काही म्हणजे काहीच केलं नव्हतं.

वायरमन_काका

ब्रेकर का पडत होता ते कुणी बोललं नाही अजून, म्हणून लिहितो. मुली, जिवाला धोका तिथेच होता.

कडक उन्हात दुपारी तीन ते सहा कॅम्पग्राउंडवर सगळ्यांचे एसी एकदम चालू असतात. लाइनवर भार वाढला की खांबावरचं व्होल्टेज खाली येतं. १२० व्होल्टच्या जागी १०५ मिळायला लागले की एसीचा कॉम्प्रेसर कमी करंट घेत नाही, उलटा जास्त घेतो, तापतो, आणि शेवटी त्याचा सेफ्टी स्विच तरी उडतो नाहीतर ब्रेकर तरी पडतो. वारंवार असं झालं की कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं. जिथे २३० व्होल्ट असतात तिथेही हेच, २०७ च्या खाली गेलं की समजायचं भार सोसवत नाहीये. म्हणून व्होल्टेज दाखवणारा मीटर आत डोळ्यासमोर लावा, आणि जमलं तर ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावर आपोआप वीज तोडणारा प्रोटेक्टर लावा. नुसता वीज कोसळण्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर वेगळा, त्याने कमी व्होल्टेजचा त्रास जात नाही, विकत घेताना हे नीट विचारून घ्या.

दुसरं, ३० अँपियर म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. एसी चालताना साधारण १२ ते १६ अँपियर घेतो. पाणी तापवायचा हीटर विजेवर टाकला की १२ गेले. मायक्रोवेव्ह आणखी १२ ते १४. फ्रिज विजेवर असेल तर तो ३ घेतो, बॅटरी चार्जर आहेच. बेरीज करून बघ. तू ब्रेकर पडला म्हणतेस तेव्हा पाण्याचा हीटर चालू होता का? उन्हाळ्यात त्याची गरजच नसते, टाकीतलं पाणी तसंही कोमट असतं, आणि लागलाच तर गॅसवर चालवायचा. ५० अँपियरचं कनेक्शन असतं त्यांना दोन लाइन मिळतात म्हणून ते एकूण १२,००० वॉटपर्यंत जातात, ३० वाल्यांनी त्यांचं बघून काही करू नये. २३० व्होल्ट १६ अँपियरवाल्यांचाही हिशोब ३६८० वॉटचाच, म्हणजे तुझ्याच पंगतीतले.

तिसरं प्लग. आत्ता उठ आणि ट्रेलरच्या केबलचा प्लग हातात घेऊन बघ. पिनांचा रंग तपकिरी, काळपट झालाय का, प्लास्टिक मऊ पडून वाकलंय का? सांधा सैल असला की तिथे अडथळा वाढतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता होते, करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट, म्हणून थंडीत चालून गेलेला प्लग उन्हाळ्यात पेटतो. गेल्यावर एसी तासभर चालला की प्लगला हात लावून बघायचा, कोमट चालेल, चटका बसला तर बंद. एक्स्टेंशन लागलीच तर जाड तारेची आणि जेवढी हवी तेवढ्याच लांबीची, गुंडाळी करून ठेवायची नाही, गुंडाळीत ती तापते.

सॉफ्ट स्टार्टर नावाची वस्तू मिळते, कॉम्प्रेसर सुरू होताना जो क्षणभर मोठा झटका घेतो तो ती कमी करते. कमकुवत लाइनवर आणि लहान जनरेटरवर तिचा उपयोग होतो, पण चालू असतानाचा करंट तेवढाच राहतो, तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

चाकावरचं_घर

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच जाऊन बघितलं. एक पिन तपकिरी आहे आणि तिच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलंय. एक वर्ष हा प्लग तसाच डिकीत गुंडाळून पडला होता आणि आम्ही परत तोच लावणार होतो. अंगावर काटा आला. आणि हो, पाण्याचा हीटर विजेवर चालू होता, मुलं अंघोळ करणार होती म्हणून मीच लावला होता.

थंड_झुळूक दादा, मोजलं. जाळीपाशी ३१, झडपेपाशी २५. म्हणजे सहाच! रविवारी कव्हर उघडतोय. आई बरी आहे, चौकशीबद्दल खूप आभार.

वायरमन_काका

प्लग बदल. पण खांबाचं सॉकेट सैल असेल तर नवाही जळेल, म्हणून तिथे गेल्यावर सॉकेटही बघायचं. प्लग घट्ट बसत नसेल तर जागा बदलून मागायची, लाजायचं नाही. आणि लावताना काढताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, हे मुलांना पण शिकव.

निवांत_भटके

आम्ही दोघं बहुतेक वेळा वीज नसलेल्या जागी राहतो त्यामुळे एसी हा विषयच नसतो, पण उष्णता आत येऊ न देण्याचं जे दादांनी लिहिलंय ते आमच्याइतकं कुणी केलं नसेल म्हणून सांगतो.

काच आधी. ऊन काचेतून आत आलं आणि गादीवर, फरशीवर पडलं की ते उष्णता होऊन आतच राहतं, मग तुम्ही आतून पडदा लावा नाहीतर चमकता फोम लावा, थोडंफार परत जातं बाकीचं आत. तेच कापड काचेच्या बाहेरून लावलंत तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. म्हणून आम्ही पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून जाळीदार सावलीचं कापड लावतो, चार कोपऱ्यांना सक्शन आणि दोऱ्या, पाच मिनिटांचं काम. मोटरहोमवाल्यांनी (ज्यांचं घर आणि गाडी एकच असते) तर पुढची मोठी काच बाहेरूनच झाकावी, भट्टीचं दार असतं ते. बाथरूमच्या वरचं स्कायलाइट आणि छतावरचे व्हेंट लोक विसरतात, डोक्यावरून सरळ ऊन तिथूनच येतं. व्हेंटमध्ये बसणाऱ्या चौकोनी फोमच्या उश्या मिळतात, ३५ सेंटिमीटरच्या आसपास मापाच्या. फक्त प्लास्टिकच्या स्कायलाइटला चमकता फोम आतून घट्ट चिकटवू नका, मधल्या मध्ये कोंडलेल्या उष्णतेने प्लास्टिक वाकतं.

उभं कसं करायचं ते आणखी महत्त्वाचं. दुपारचं सगळ्यात वाईट ऊन पश्चिमेचं, तेव्हा ज्या बाजूला मोठ्या खिडक्या आणि फ्रिजची जाळी आहे ती बाजू पश्चिमेला येऊ द्यायची नाही, आणि येणारच असेल तर त्या बाजूला ऑनिंग (बाजूला उलगडणारं सावलीचं छत) हवं. जागा बुक करताना नकाशात बघून विचारून घ्या. स्लाइडआउट (बाहेर सरकणारे खोलीचे भाग) असतील तर दुपारी आत घेऊन ठेवा, तेवढी जागा आणि तेवढ्या भिंती कमी थंड कराव्या लागतात. ऑनिंग एका कोपऱ्यात खाली ठेवा म्हणजे अचानक पाऊस आला तर पाणी साठून दांडे वाकत नाहीत, आणि जागा सोडून जाताना मिटून जा, उन्हाळी वादळ दहा मिनिटांत येतं.

छत स्वच्छ ठेवा, पांढरं छत मळून करडं झालं की किती तापतं ते हात लावून बघा. वर गेलाच आहात तर सगळ्या सांध्यांचं सीलंट बघून घ्या, उन्हाने तडकतं आणि मग पहिल्या पावसात कळतं.

रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की छताचा पंखा हवा बाहेर फेकायच्या दिशेने लावा आणि सगळ्यात लांबची एकच खिडकी उघडा. सगळ्या उघडल्या तर पंख्याशेजारचीच हवा येते जाते, अंगावरून झुळूक जात नाही. १२ व्होल्टवर दोनतीन अँपियरमध्ये रात्र निघते. पाण्याचे कूलर कोरड्या हवेत फार छान काम करतात पण एक खिडकी उघडी हवीच, आणि दमट हवेत आणूच नका, त्याने घामट वाढतं. एसीबरोबर कूलर लावणं म्हणजे एसीला पाणी काढायचं आणखी काम देणं.

आणि मनापासून सांगतो, जागा निवडायचं हातात असेल तर वर जा. हजार मीटर चढलात की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आईंना घेऊन जाताय तर नकाशात उंची बघून जागा ठरवा, याच्यापुढे सगळी साधनं फिकी आहेत.

थंड_झुळूक

भटकेंच्या प्रतिसादात एकच भर, एसी सकाळी लवकर लावा, आत बरं वाटत असतानाच. दुपारी दोनला आत ३५ झाल्यावर लावलात तर गाद्या, लाकूड, कपाटातली भांडी, भिंतीतला फोम सगळं तापलेलं असतं, एसीला आधी ते सगळं थंड करावं लागतं मग हवा. वीज वाचवायला लोक सकाळी बंद ठेवतात आणि दिवसभर त्याची फेड करतात.

सूर्यपुत्री

पण झाडाखाली लावलं तर सोलरचं काय? आमच्या छतावर ४०० वॉटचे पॅनल आहेत, सावलीत काहीच मिळत नाही.

निवांत_भटके

सावलीच घ्या. आम्ही दोन पॅनल सुटे ठेवलेत, जाड तारेने लांब उन्हात मांडतो. शिवाय पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होतं, म्हणजे पॅनल ६५ ला तापला तर बारा ते सोळा टक्के गेलेच. छतावरच्या पॅनलखाली हवा खेळायला चारपाच सेंटिमीटर फट ठेवा, पॅनल थंड राहतो आणि छतालाही सावली मिळते. झाड निवडताना वर वाळकी फांदी नाही ना एवढं बघा.

आणि बॅटरीवर एसी चालवायचा विचार असेल तर १२ व्होल्टवर दीड हजार वॉट म्हणजे १२५ अँपियरच्या वर, इन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळं. २०० अँपियर-तासांची लिथियम बॅटरी जेमतेम दीड तास देते. दुपारची वामकुक्षी होईल, दिवस नाही निघणार.

वायरमन_काका

बॅटरीचं निघालंय तर, लेड-ॲसिडवाल्यांनी प्लेट उघड्या पडल्यात का बघून डिस्टिल्ड पाणी घाला, उन्हाळ्यात ते भराभर उडतं. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की त्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं असं धरतात. लिथियम फार तापली की बहुतेकींचा बीएमएस (बॅटरीतलं राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतो, बंद पेटीत ठेवली असेल तर हवेला वाट द्या.

रबर_आणि_रस्ता

सगळे पोचल्यावरचं बोलतायत, पोचायचं कसं ते मी सांगतो. आमच्या डोळ्यादेखत पुढच्या ट्रेलरचा टायर फुटून त्याची चाकाची कमान, खालची पाइपलाइन आणि गॅसची नळी फाटलेली बघितलीये, भर उन्हात हायवेवर लहान मुलं बाजूला उभी. त्यामुळे कृपया हे वाचा.

टायर हवा जास्त झाल्याने क्वचित फुटतो, बहुतेक वेळा कमी हवेने फुटतो. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, तापून आतले थर सुटतात. हवा सकाळी गाडी हलवण्याआधी, ऊन पडण्याआधी मोजायची. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण दोन टक्के वाढतो, ६५ पीएसआयचा टायर दुपारी ७२-७४ दाखवेल, ते अपेक्षितच आहे. तापलेल्या टायरची हवा सोडू नका! खूप लोक हे करतात आणि मग दुसऱ्या दिवशी कमी हवेवर निघतात.

टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही जात, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नवी दिसली तरी पाचसहा वर्षांनंतर बदलायचा विचार करा, भिंतीवर बारीक तडे दिसले तर विचारही नको, बदला. ताई तुमचा ट्रेलर ९ वर्षांचा आहे, टायर मूळचेच आहेत का? ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते, ओढणारी गाडी त्याहून जोरात जाते म्हणून टायर जाऊ शकतो असं नाही. उन्हात आणखी कमी ठेवा. सामान भरून एकदा काट्यावर वजन करून घ्या, पाण्याची टाकी भरून नेलीत तर लिटरला किलो हे विसरू नका. आणि थांबाल तिथे हबच्या जवळ हात न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय.

ओढणाऱ्या गाडीचा कूलंट, रेडिएटरच्या पात्यांतला कचरा, पट्टे हे आधीच तपासा. चढावर काटा वर जायला लागला तर गाडीचा एसी बंद करा, तरी जातोय तर बाजूला थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पहाटे निघून अकराच्या आत पोचायचं जमवा, आईंनाही बरं पडेल.

चाकावरचं_घर

टायर मूळचेच आहेत दादा. बाहेर जाऊन आकडे वाचले, आमच्या मोठ्या मुलीने वाचून दाखवले. चारही बदलतोय.

मृगजळ

फ्रिजचं राहिलं. ताई तुमचा तो ॲब्सॉर्प्शन फ्रिज आहे, त्याच्यात कॉम्प्रेसर नसतो, मागे अमोनिया तापवून तो थंड करतो आणि ती उष्णता मागच्या जाळीतून वर जाऊ शकली तरच चालतो. बाहेर ४० असलं आणि जाळीवर ऊन असलं की तो हरतो, तुमचे १४ अंश त्यामुळेच झाले असणार. जाळीची बाजू सावलीत ठेवा, मागे वरच्या बाजूला १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लावा हवा बाहेर फेकणारे, आमच्याकडे यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. निघायच्या आदल्या दिवशीच चालू करा, चोवीस तास द्या, आणि आत ठेवाल ते घरच्या फ्रिजमधून थंड करूनच ठेवा. ठासून भरू नका, आतली हवा फिरायला हवी. ट्रेलर समतल उभा नसेल तर हा फ्रिज नीट चालत नाही आणि खराबही होतो. अमोनियाचा वास आला तर बंद करून सगळ्यांनी बाहेर. आत थर्मामीटर ठेवा, चारच्या खाली पाहिजे. नासणारं काही बाहेर राहिलं तर एरवी दोन तास चालतं पण हवा ३२ च्या वर असेल तर एकच तास, मग टाकून द्यायचं.

आणखी एक, आमचा कुत्रा बरोबर असतो. एसी लावून त्याला आत ठेवून फिरायला जाणं आम्ही पूर्ण बंद केलंय. वीज गेली की बंद डबा दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापू शकतो. मोबाइलवर तापमान कळवणारी यंत्रं मिळतात पण रेंज नसेल तर काय उपयोग, आणि कळलं तरी तुम्ही दहा मिनिटांत परत येऊ शकता का हा खरा प्रश्न. जनरेटर लावणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी तपासा, त्याच्यावर तारीख असते, मुदत संपलेला कामाचा नाही. शेजाऱ्याचा धूरही तुमच्या खिडकीतून आत येतो.

शुश्रूषा

मी नर्स आहे, आईंसाठी दोन गोष्टी लिहिते. वय वाढलं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, त्यामुळे "मला काही होत नाही" हे त्या खरंच मनापासून म्हणत असतात. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी देत राहा. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, किती पाणी प्यायचं आणि गोळ्यांचं उन्हात काय करायचं ते तेच सांगतील. औषधं गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यात नकोत, इन्सुलिन तर अजिबातच नाही.

गरगरणं, मळमळ, खूप घाम, पायात गोळे आले की सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला. पण बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, शुद्ध जायला लागली, अंग चटका बसण्याइतकं तापलं तर तो उष्माघात आहे. आधी इमर्जन्सीला फोन आणि त्याच वेळी गार पाण्याने अंग भिजवायला सुरुवात, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका. आणि हवा ३५ च्या बरीच वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो, अंग ओलं असेल तरच उपयोग.

आणि गेल्या वर्षी तुम्ही गाडीचा एसी लावून आईंना घेऊन फिरत राहिलात ते अगदी बरोबर केलंत. स्वतःला दोष देऊ नका.

चाकावरचं_घर

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

गेले तीन आठवडे आम्ही हेच करतोय. छताचं कव्हर उघडलं, दादा म्हणाले तशीच फट होती, एका बाजूची पडदी चक्क खाली पडलेली होती. टेप लावली, कॉइल धुतली, फरक सहावरून साडेनऊवर आला. प्लग बदलला, व्होल्टमीटर दाराशेजारी लावला. टायर नवे. फ्रिजमागे दोन पंखे. पश्चिमेच्या खिडक्यांची कापडं आईने स्वतः शिवली, कडांना दुहेरी टीप घालून.

मग काल घराबाहेरच ट्रेलर उन्हात उभा करून पूर्ण दिवस आम्ही सगळे आत राहिलो. एसी सकाळी सात वाजता लावला. दुपारी चारला बाहेर ४०, आत २७, फ्रिजमध्ये ५. त्याच वेळी मुद्दाम बाहेरची कापडं तासभर काढून बघितली तर आत ३० झाले, परत लावल्यावर पुन्हा उतरायला सव्वा तास लागला. मीटर ११४ च्या खाली गेला नाही, पण इथे शेजारी वीस एसी नाहीत हे लक्षात आहे काका.

जागाही बदलली. आधी ठरवलेली नदीकाठची सोडली आणि १,२०० मीटर उंचीवरची घेतली, तलाव नाही म्हणून मुलं थोडी नाराज आहेत. आणि प्लॅन बी लिहून फ्रिजवर चिकटवलाय, आत ३२ झाले आणि उतरत नसतील तर वाद न घालता सगळे गाडीत बसून निघायचं, जवळच्या एसी असलेल्या दोन जागा आणि हॉस्पिटल नकाशात आधीच खुणा करून ठेवलीत.

एकच शंका उरलीये. फ्रिज ५ वर आहे, चार हवेत. अजून काय करू?

मृगजळ

दार किती वेळा उघडलं जातंय बघा, मुलं आहेत ना. पाण्याच्या बाटल्यांसाठी वेगळी बर्फाची पेटी ठेवा, ऐंशी टक्के वेळा दार पाण्यासाठीच उघडतं आमच्याकडे. आणि दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघा, सहज सुटला तर रबर गेलंय.

चाकावरचं_घर

कागद खालच्या कोपऱ्यात सहज सुटला. रबर मागवते. शुक्रवारी पहाटे साडेचारला निघतोय.